327 भाग, दोन भाऊ

‘सुपरनॅचरल’ या अमेरिकी मालिकेचा पहिला भाग 13 सप्टेंबर 2005 रोजी दाखवला गेला आणि शेवटचा 19 नोव्हेंबर 2020 रोजी. मधल्या 15 पर्वांत 327 भाग झाले. जाहिराती वगळून एक भाग साधारण 42 मिनिटांचा धरला, तर सलग पाहायला सुमारे 229 तास, म्हणजे साडेनऊ दिवस आणि तेवढ्याच रात्री लागतात. आठवड्याला सहा भाग दाखवणारी आपली दैनंदिन मालिका वर्षभरातच 312 भाग गाठते. इथे वर्षाची सरासरी 22 च्या आत आहे. त्यामुळे 327 या आकड्यात पाहण्यासारखी गोष्ट आहे ती 15 वर्षं टिकून राहण्याची. सॅम आणि डीन विंचेस्टर हे दोन भाऊ गाडीतून गावोगाव फिरतात आणि भुताखेतांचा बंदोबस्त करतात, एवढ्याच कथाबीजावर ही मालिका टिकली.

याच जातीच्या मालिकांशी तुलना केली की फरक दिसतो. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’चे 144 भाग झाले, ‘द व्हॅम्पायर डायरीज’चे 171, ‘चार्म्ड’चे 178. ‘द एक्स-फाइल्स’ने 11 पर्वांत 218 भाग केले, ‘सुपरनॅचरल’चे भाग त्याच्या बरोबर दीडपट आहेत. ‘डार्क शॅडोज’चे 1,225 भाग झाले खरे, पण 1966 ते 1971 या काळातली ती मालिका रोज दुपारी लागत असे. आठवड्याला एक भाग दाखवणाऱ्यांत अमेरिकेतली कोणतीही अद्भुतकथेची मालिका 327 च्या जवळपास नाही.

प्रेक्षकसंख्या वाढत गेली म्हणून मालिका चालली, असं म्हणता येत नाही. पहिला भाग सुमारे 57 लाख लोकांनी पाहिला, शेवटचा सुमारे 14 लाख. ही घट 75 टक्क्यांच्या आसपास आहे. वाहिनीही बदलली: पहिलं पर्व ‘डब्ल्यूबी’वर झालं, 2006 पासून पुढची 14 ‘सीडब्ल्यू’वर. प्रक्षेपणाचा वार सोमवार ते शुक्रवार या पाचही दिवसांवर फिरून आला. उतरत्या आलेखात एक चढ मात्र लक्षात घ्यावा लागतो. आठव्या पर्वाचा पहिला भाग 2012 मध्ये सुमारे 18.5 लाख लोकांनी पाहिला; पुढच्या वर्षी नवव्या पर्वाच्या पहिल्या भागाला सुमारे 26 लाख प्रेक्षक होते. म्हणजे 40 टक्के वाढ. 2011 मध्ये ‘सीडब्ल्यू’च्या मालिका नेटफ्लिक्सवर आणणारा करार झाला होता. जुनी पर्वं घरबसल्या पाहून नवा प्रेक्षक चालू पर्वापर्यंत पोहोचला, हा या वाढीचा सर्वांत सरळ अर्थ आहे.

327 ची फोड सूत्रं कोणाच्या हाती होती त्यानुसार करता येते. निर्माता एरिक क्रिपकी याने कथा पाच पर्वांची आखली होती आणि पाच पर्वांनंतर तो बाजूला झाला. त्याचे भाग 104, म्हणजे 32 टक्के. त्यानंतर सेरा गँबल 45, जेरेमी कार्व्हर 92, आणि अँड्र्यू डॅब व रॉबर्ट सिंगर मिळून 86. मालिकेचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग मूळ आराखड्याच्या बाहेरचा आहे. तो सगळा सारख्या ताकदीचा नाही, हे आम्ही चाहतेही मान्य करतो. तरीही चौथ्या चमूपर्यंत मालिका ओळखू येते, कारण आराखडा संपला तरी त्याच्या मध्यभागी असलेलं नातं शिल्लक होतं.

हे नातं कसं रचलं आहे, ते 104 व्या भागात दिसतं. ‘स्वान साँग’ हा भाग सुरूच आकड्याने होतो. एप्रिल 1967 मध्ये जनरल मोटर्सची 10 कोटी क्रमांकाची गाडी कारखान्यातून बाहेर पडली, तिचं कौतुक झालं. तीन दिवसांनी निघालेल्या एका शेव्हरले इम्पालाची कोणी दखल घेतली नाही, असं निवेदक सांगतो. तीच या भावांची गाडी. तिच्या अॅशट्रेमध्ये सॅमने लहानपणी कोंबलेला प्लास्टिकचा सैनिक अजून अडकलेला आहे. शेवटी सॅमच्या शरीराचा ताबा ल्युसिफरकडे, म्हणजे सैतानाकडे असतो आणि त्याच हातांनी डीन मार खात असतो. तेवढ्यात गाडीवर ऊन चमकतं आणि नजर त्या सैनिकावर जाते. सॅम भानावर येतो. पाच वर्षं रचत आणलेला जगाचा अंत बोटाएवढ्या खेळण्याने टळतो. चाहते या भागाला मालिकेचा कळस मानतात, ते या हिशेबामुळे.

पर्वांच्या यादीत एक आकडा वेगळा पडतो: तिसऱ्या पर्वाचे भाग 16. आदल्या वर्षीच्या 22 पेक्षा हे 27 टक्क्यांनी कमी आहेत. नोव्हेंबर 2007 ते फेब्रुवारी 2008 या काळात हॉलिवूडच्या लेखकांचा संप होता. पर्व आखडलं आणि डीन नरकात गेलेला असतानाच संपलं. पुढच्या पर्वाच्या पहिल्याच भागात, म्हणजे 61 व्या भागात, त्याला बाहेर काढणारा कॅस्टिएल हा देवदूत आला. त्याआधीच्या 60 भागांत देवदूत म्हणून कोणीच समोर आलेलं नव्हतं. मिशा कॉलिन्सला ही भूमिका मोजक्या भागांसाठी दिली होती. ती 325 व्या भागापर्यंत मालिकेच्या केंद्राजवळ राहिली.

कलाकारांचा हिशेब याहून बोलका आहे. जॅरेड पॅडलेकी आणि जेन्सन अॅकल्स हे दोघं 327 पैकी 327 भागांत आहेत. ‘द एक्स-फाइल्स’मध्ये सातव्या पर्वानंतर डेव्हिड डुकॉव्हनीची उपस्थिती घटली, ‘चार्म्ड’मधून शॅनन डोहर्टी तीन पर्वांनंतर गेली, ‘द व्हॅम्पायर डायरीज’मधून नीना डोब्रेव्ह सहा पर्वांनंतर. ‘सुपरनॅचरल’वर मुख्य भूमिकेची जागा भरण्याची वेळ आली नाही. याची उलट बाजूही तपासता येते. याच विश्वातून 2014 मध्ये ‘ब्लडलाइन्स’ आणि 2018 मध्ये ‘वेवर्ड सिस्टर्स’ या मालिका काढायचा प्रयत्न झाला. दोन्ही एकेका भागापुढे गेल्या नाहीत. भावांच्या आईवडिलांच्या तरुणपणावरची ‘द विंचेस्टर्स’ 2022 मध्ये आली आणि 13 भागांत थांबली. तीच भुतं, तेच नियम, तीच गाडीसुद्धा. भावांची जोडी मध्यभागी नव्हती.

भूगोलाचाही एक आकडा आहे. कथा कॅन्ससमधल्या लॉरेन्सपासून अमेरिकेच्या राज्याराज्यांतून फिरते, पण अमेरिकेत मुक्काम ठोकून चित्रित झालेला भाग एकच, पहिला, तोही लॉस एंजेलिस परिसरात. बाकीच्या 326 भागांचं काम कॅनडातल्या व्हँकुव्हर परिसरातून झालं.

शेवटच्या पर्वाने वेळापत्रक मोडलं. आदल्या वर्षीचं चौदावं पर्व 196 दिवसांत संपलं होतं. पंधराव्याला तेवढ्याच 20 भागांसाठी 406 दिवस लागले. करोनामुळे चित्रीकरण थांबलं तेव्हा दोन भाग बाकी होते. 23 मार्च ते 8 ऑक्टोबर 2020 असे 199 दिवस नवा भाग नव्हता. आदलं आख्खं पर्व त्याहून कमी दिवसांत झालं होतं. सेटवर माणसं कमी ठेवून शेवटचा भाग पूर्ण झाला आणि तो बहुतांशी दोन भावांचाच राहिला. त्यात डीन एका साध्या शिकारीत मरतो. यावरून चाहत्यांत दोन तट पडले. माझ्या मते हा शेवट मालिकेच्या स्वभावाला धरून आहे: देव, सैतान आणि जगबुडीचे हिशेब 326 व्या भागात संपवून 327 वा भाग एका भावाच्या निरोपासाठी राखला गेला.

ज्यांच्याकडे 229 तास नाहीत, त्यांनी पहिली पाच पर्वं पाहावीत: 104 भाग, सुमारे 73 तास, कथा पूर्ण. तेवढेही नसतील तर पाच भाग पुरेत. पहिला, 55 वा ‘मिस्ट्री स्पॉट’, ज्यात डीनच्या मृत्यूचा एकच मंगळवार सॅमला शंभराहून जास्त वेळा जगावा लागतो, 61 वा ‘लॅझरस रायझिंग’, 104 वा ‘स्वान साँग’, आणि 222 वा ‘बेबी’, ज्यात कॅमेरा इम्पालाची साथ सोडत नाही आणि मारामाऱ्याही काचेतून दिसतात तेवढ्याच दिसतात. एकूण वेळ साडेतीन तास. क्रम बदलू नये.