जुन्या लाकडी फ्लोअरिंगला नवं जोडलं की सांधा का दिसतो?

अमेरिकेतल्या जुन्या घरात किचन आणि हॉलमधली भिंत पाडली की प्रश्न येतोच: हॉलमधलं ओकचं फ्लोअरिंग किचनपर्यंत न्यायचं कसं? न्यू जर्सीत जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही तो चुकत नाही.

दुकानातून नुसता 'ओक' आणून भागत नाही. रेड ओक आणि व्हाइट ओक ही वेगवेगळी लाकडं, पॉलिशखाली फरक उघडा पडतो. जाडीचं गणित त्याहून फसवं. नवी फळी साधारण पाऊण इंच जाड, जुनी मात्र दोन-तीनदा सँडिंग होऊन झिजलेली. मग सांध्यावर पायाला उंचवटा लागतो.

जुन्या फळ्या एका सरळ रेषेत कापून पुढे नव्या टेकवल्या, तर ती रेष कायम दिसते. त्यामुळे चांगला सुतार जुन्या फळ्यांची टोकं मागेपुढे कापतो आणि बोटांत बोटं गुंफावीत तशा नव्या फळ्या त्यात बसवतो. काम किचकट आहे, पण इथे घाई परवडत नाही. फळ्यांची दिशा एकच असेल तरच हे जमतं. नाहीतर मधे पट्टी टाकावी लागते.

ओलावाही मोजावा. तीन इंचांपेक्षा अरुंद फळी आणि खालचा प्लायवुड यांच्यात 4 टक्क्यांहून जास्त फरक नको. नाहीतर हिवाळ्यात हीटर सुरू झाला की लाकूड आकसून फटी पडतात.

जुनं ऑइल-बेस्ड पॉलिश वर्षानुवर्षं पिवळं पडलेलं असतं. फक्त नव्या भागाला पॉलिश केलं तर रंग जुळणं कठीण. तेव्हा कोटेशनमध्ये हॉलचं सँडिंगही धरलंय का, हे आधीच विचारा.