फुली कोणापुढे? : लेस्टरच्या व्यापारी घरांतील जुना पेच

इंग्लंडमधील लेस्टर शहरात ऑक्सफर्ड स्ट्रीटवर एक जुने चर्च आहे. आज त्याचा दर्शनी भाग शुभ्र संगमरवरात कोरलेला दिसतो. आत श्वेतांबर मूर्तिपूजकांचे देरासर, दिगंबर मंदिर आणि स्थानकवासींचा उपाश्रय एकाच छताखाली नांदतात. १९८८ मध्ये येथे प्रतिष्ठा झाली. आपल्याकडे ज्या प्रश्नांवरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात, ते प्रश्न तेथे एका इमारतीत मिटले, हे मनात नोंदवून ठेवण्यासारखे आहे. परदेशात माणसे कमी असली की भिंती आपोआप पातळ होतात. मतपेटीसमोर मात्र तेथील कुटुंबांना असे एकमत कधी साधले नाही.

लेस्टरच्या जैन कुटुंबांपैकी बरीचशी थेट भारतातून आलेली नाहीत. हालार व सौराष्ट्रातून त्यांचे आजे-पणजे केनिया, युगांडा, टांझानियात गेले, दुकाने थाटली आणि तेथून पुढे ब्रिटनला आले. ब्रिटनच्या राजकारणाशी त्यांचा पहिला खरा संबंध आला तो १९६८ साली, आणि तो कडू होता.

केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला. आशियाई रहिवाशांना केनियाचे नागरिकत्व घेण्यासाठी दोन वर्षांची मुदत होती. अनेकांनी ब्रिटिश पारपत्र जवळ ठेवणे पसंत केले. १९६७ मध्ये केनिया सरकारने परदेशी नागरिकांसाठी कामाचे परवाने आणि व्यापाराचे परवाने यांवर निर्बंध घातले. दुकान हेच ज्यांचे जीवन, त्यांनी गाशा गुंडाळून लंडनचे विमान गाठले. तेव्हा ब्रिटनमध्ये सत्ता होती मजूर पक्षाची, म्हणजे ज्याच्याविषयी वसाहतींतील लोकांना आपलेपणा वाटे त्या पक्षाची. त्याच पक्षाच्या सरकारने अवघ्या तीन दिवसांत संसदेकडून एक कायदा मंजूर करून घेतला आणि १ मार्च १९६८ रोजी तो अमलात आला. आई, वडील, आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असतील तरच पारपत्रधारकाला मुक्त प्रवेश. इतरांसाठी वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांपुरते परवाने. कातडीच्या रंगाचा उल्लेख कायद्यात कोठेही नव्हता. त्याची गरजही नव्हती. गोऱ्या मळेवाल्याचे आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असत, नैरोबीच्या दुकानदाराचे जामनगरकडे.

या घटनेचा दुसरा पैलू अधिक बोधक आहे. हुजूर पक्षाच्या नेतृत्वाने या विधेयकाला पाठिंबा दिला. परंतु पूर्वी वसाहतमंत्री राहिलेले त्याच पक्षाचे इयन मॅक्लाउड यांनी विरोधात मत दिले. केनियाच्या आशियाई रहिवाशांना दिलेला शब्द आपल्याला बांधून ठेवतो, अशी त्यांची भूमिका होती. मजूर पक्षाच्याही काही खासदारांनी स्वपक्षाची साथ सोडली. एका बाजूला पक्ष, दुसऱ्या बाजूला शब्द, असा तो प्रसंग होता. हुंडीच्या व्यवहारात शब्दाची किंमत काय असते हे जाणणाऱ्या वाचकांना मॅक्लाउड यांची अडचण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

चार वर्षांनी चित्र उलटे झाले. ४ ऑगस्ट १९७२ रोजी इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्याचे फर्मान काढले. आता सत्तेवर हुजूर पक्ष होता आणि त्याचा निवडणूक-पाया स्थलांतराच्या विरोधात होता. तरीही पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी पारपत्राची कायदेशीर जबाबदारी मान्य करून सुमारे २८ हजार लोकांना प्रवेश दिला. त्याच सुमारास मजूर पक्षाच्या ताब्यातील लेस्टर नगरपालिकेने ‘युगांडा आर्गस’ या वृत्तपत्रात जाहिरात देऊन आशियाई कुटुंबांना लेस्टरकडे न येण्याचे आवाहन केले. पुष्कळ कुटुंबे तरीही आली. ज्या गावाचे नाव जाहिरातीत छापून आले, तेथे आपले लोक आहेत एवढेच काहींनी त्यातून वाचले असावे.

म्हणजे दार लावले मजूर पक्षाने आणि उघडले हुजूर पक्षाने. हिशेब एवढाच असता, तर लेस्टरची मते कायम हुजूर पक्षाच्या खात्यात जमा झाली असती. तसे झाले नाही. दारातून आत आल्यावर घर, नोकरी, शाळा आणि रस्त्यावरची सुरक्षितता हे प्रश्न उभे राहिले. १९७६ चा वांशिक भेदभावविरोधी कायदा मजूर सरकारने केला. भारतातून वधू-वर आणताना विवाहाचा ‘मुख्य हेतू’ स्थलांतर नाही हे सिद्ध करायला लावणारा जाचक नियम मजूर पक्षाने १९९७ मध्ये सत्तेवर येताच रद्द केला. लेस्टर पूर्व मतदारसंघातून १९८७ पासून २०१९ पर्यंत मजूर पक्षाचे कीथ वाझ सलग निवडून येत राहिले. वाझ हे मूळ गोव्याच्या कुटुंबातले, जन्म एडनचा. या काळात अनेक घरांत पक्षनिष्ठा ही जुन्या पेढीशी असलेल्या संबंधासारखी झाली होती. भाव थोडा जास्त पडला तरी माल तेथूनच घ्यायचा.

या निष्ठेला सुरुंग लागतो तो ब्रिटनच्या मतदानपद्धतीमुळे. आपल्यासारखीच ती पद्धत आहे: मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मते तो विजयी, मग ती मते एकूण मतांच्या निम्मी नसली तरी चालते. मतदार यंत्रावरील बटण दाबण्याऐवजी कागदावर पेन्सिलीने फुली मारतो, एवढाच फरक. अशा पद्धतीत मनातल्या पक्षाला मत देणे आणि नको त्या पक्षाला पाडणे ही दोन वेगळी कामे होऊन बसतात. आपला उमेदवार तिसरा येणार हे ठाऊक असेल, तर दुसऱ्या क्रमांकाच्या बरा वाटणाऱ्यापुढे फुली मारायची, याला तेथे डावपेचाचे मतदान म्हणतात आणि त्यात कोणाला लाज वाटत नाही.

त्याचा परिणाम २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत आकड्यांनीच सांगितला. उदारमतवादी लोकशाही पक्षाला २०१९ मध्ये ११.५ टक्के मते आणि ११ जागा मिळाल्या होत्या; २०२४ मध्ये मते १२.२ टक्के झाली आणि जागा ७२. स्थलांतराला कडवा विरोध करणाऱ्या रिफॉर्म पक्षाला त्याहून जास्त, १४.३ टक्के मते पडली; जागा मात्र ५. एकाची मते मोक्याच्या ठिकाणी एकवटली, दुसऱ्याची देशभर विखुरली. मजूर पक्षाने तर ३४ टक्क्यांहून कमी मतांवर ६५० पैकी ४०० हून अधिक जागा मिळवल्या.

निष्ठा सोडून डाव खेळण्याचे सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र जुने आहे. एनॉक पॉवेल हे हुजूर पक्षाचे नेते. २० एप्रिल १९६८ च्या बर्मिंगहॅममधील स्थलांतरविरोधी भाषणाने त्यांचे नाव आशियाई घरांत भीतीचा विषय झाले. त्याच पॉवेल यांनी फेब्रुवारी १९७४ मध्ये आपल्या समर्थकांना मजूर पक्षाला मत देण्यास सांगितले. कारण युरोपीय सामायिक बाजारातून बाहेर पडण्याची संधी त्यांना त्या पक्षातच दिसत होती. हुजूर पक्षाला मते अधिक पडूनही जागा मजूर पक्षाला चार जास्त मिळाल्या आणि हीथ गेले. युगांडाच्या कुटुंबांना आत घेणारा पंतप्रधान पाडण्यास त्यांचा कट्टर विरोधक हातभार लावतो, तोही मजूर पक्षाला मते मागून! राजकारणात पाहुणा कोण आणि यजमान कोण, हे सांगणे अवघड असते.

लेस्टर पूर्वचा २०२४ चा निकालही असाच वाचावा लागतो. देशभर हुजूर पक्षाची धूळधाण होत असताना या एकाच मतदारसंघात त्याने विरोधकांकडून जागा हिसकावली. शिवानी राजा १४,५२६ मते घेऊन विजयी झाल्या. मजूर पक्षाचे राजेश अग्रवाल, जन्माने इंदूरचे, यांना १०,१०० मते पडली. मजूर पक्षाच्या तिकिटावर आधी निवडून आलेल्या क्लॉडिया वेब अपक्ष म्हणून उभ्या होत्या, त्यांना ५,५३२. जुने खासदार वाझ स्वतंत्र चूल मांडून उभे राहिले, त्यांना ३,६८१. या तिघांची बेरीज १९,३१३ होते. बेरजेतले प्रत्येक मत एका पेटीत पडले असते असे नाही, पण घर फुटले की शेजाऱ्याचे फावते हे कळण्यास तेवढे पुरे. शिवाय २०१९ मध्ये याच जागेवर पराभूत झालेल्या हुजूर उमेदवाराला १९,०७१ मते होती. म्हणजे हरणाऱ्याला जेवढी मते मिळाली, त्याहून साडेचार हजार कमी घेऊन पाच वर्षांनी जिंकणारा जिंकला.

मग काहींनी केवळ ‘आपला’ उमेदवार म्हणून मत दिले का? असे म्हणणे फार सोपे आहे. २०१९ पासूनच मजूर पक्षाच्या काश्मीरविषयक ठरावामुळे भारतीय वंशाच्या मतदारांत नाराजी होती. करांचा प्रश्न होता, दुकानातील चोऱ्यांचा होता. आणि स्थलांतराच्या प्रश्नावर निवड करावी तर ती कशाच्या आधारे, हा पेचही होता. २०२४ च्या वसंतात कुशल कामगाराच्या व्हिसासाठीची पगाराची अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० पौंडांवर नेली ती हुजूर सरकारने. पंतप्रधान होते ऋषी सुनक, ज्यांचे आईवडील पूर्व आफ्रिकेतूनच आलेले. २०२५ मध्ये ती अट ४१,७०० पौंडांवर नेली ती मजूर सरकारने.

व्यापारी कुटुंबांना सर्वांत जास्त बोचतो तो नियम जुलै २०१२ चा. भारतात एकट्या राहिलेल्या वृद्ध आई-वडिलांना ब्रिटनमध्ये कायमचे आणायचे असेल, तर त्यांना दैनंदिन शुश्रूषेची गरज आहे आणि मुलाने पैसे पाठवूनही तशी शुश्रूषा भारतात मिळू शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. मुलगा जितका सुस्थितीत, तितके हे सिद्ध करणे कठीण. तो पुण्यात किंवा सांगलीत परिचारिका ठेवू शकतो, हेच त्याच्या विरोधात जाते. आईला सायंकाळी सूर्यास्तापूर्वी कोणी पान वाढावे, पर्युषणात कोणी मंदिरात न्यावे, या गरजेला अर्जात रकाना नाही. हा नियम हुजूर आणि उदारमतवादी यांच्या संयुक्त सरकारने आणला. मजूर पक्ष सत्तेवर आला तरी तो उठलेला नाही. म्हणजे घरातला हा सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न मनात ठेवून मतदानाला जाणाऱ्याला तीन मोठ्या पक्षांपैकी एकाही नावापुढे निःशंक मनाने फुली मारता येत नाही.

एक तरतूद मात्र आपल्याकडील अनेक पालकांना ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलाचा नागरिक या नात्याने, तेथील संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा अधिकार आहे. त्यासाठी ब्रिटिश पारपत्र लागत नाही. कोल्हापूरहून शिकायला गेलेला मुलगा किंवा सोलापूरची नोकरदार मुलगी अठरा वर्षे पूर्ण असतील, तर मतदारयादीत नाव नोंदवून आणि मतदानकेंद्रावर छायाचित्राचे ओळखपत्र दाखवून मत देऊ शकते.

मे २०२५ मधील सरकारी श्वेतपत्रिकेत कायमच्या वास्तव्यासाठीचा सर्वसाधारण कालावधी पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला गेला. पुढील सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२९ पर्यंत व्हावी लागेल. या प्रस्तावाचा भार ज्यांच्यावर पडणार आहे, ती भारतातून गेलेली मुले-मुली तेव्हाही बहुधा भारतीय पारपत्रावरच असतील आणि त्यांची नावे मतदारयादीत असू शकतील. लेस्टर पूर्वमध्ये गेल्या वेळचे मताधिक्य होते ४,४२६.