चार कॅन आणि सत्तर लाख मासे

जून १८७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून कॅलिफोर्नियाला निघालेल्या एका आगगाडीत दुधाचे चार कॅन होते. त्यांत होती हडसन नदीतल्या शॅड माशाची १२,००० पिल्लं. एकेक कॅन जेमतेम ३० लिटरचा, म्हणजे लिटरभर पाण्यात शंभरेक जीव, प्रत्येक नखापेक्षा मोठा नाही. सोबत सेथ ग्रीन हा मत्स्यबीज तयार करणारा जाणकार. अमेरिका आरपार जोडणारा लोहमार्ग पुरा होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. पाणी तापलं तर पिल्लं मरणार, शिळं झालं तरी मरणार. म्हणून ग्रीन वाटेत मिळेल तिथे ताजं पाणी भरत होता. आठवडाभराने सॅक्रामेंटो नदीत त्याने जी सोडली, ती सुमारे १०,००० होती. पुढच्या काही वर्षांत आणखी काही लाख पिल्लं तिथे सोडली गेली.

त्याआधी पॅसिफिकच्या किनाऱ्याला हा मासा ठाऊकच नव्हता. बंगाल्यांच्या हिलशाच्या गोतातला हा अटलांटिकचा मासा: वाढतो समुद्रात, अंडी घालायला नदीत चढतो. एका मादीच्या गाबोळीत १ ते ६ लाख अंडी असतात. सरासरी ३ लाख धरली, तर त्यांतली दोन जरी मोठी होऊन नदीत परतली तरी आई-बापांची जागा भरून निघते. दोनाऐवजी चार जगली, तर पुढची पिढी दुप्पट. कॅलिफोर्नियातून हे मासे आपले आपण किनाऱ्याने उत्तरेकडे सरकले आणि कोलंबिया नदीत शिरले.

तिथे सेलिलो धबधब्याने त्यांना अडवलं. सॅमन उसळी मारून तो चढत. शॅडला ते जमत नाही. त्याच कातळांवर आदिवासी जमाती हजारो वर्षं सॅमन धरत आल्या होत्या. मार्च १९५७ मध्ये द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला. त्या लोकांचं नुकसान कुठल्याही आकड्यात मावणार नाही. शॅडला मात्र वरचं सगळं खोरं मोकळं झालं. धरणांच्या फिश लॅडरमधून, म्हणजे माशांसाठी बांधलेल्या पायऱ्यांवरून, ते चढू लागले आणि जलाशयांच्या संथ, उबदार पाण्यात त्यांची पिल्लं पोसू लागली.

खालच्या बॉनव्हिल धरणावर १९३८ पासून वर जाणारे मासे मोजले जातात. सुरुवातीची वीसेक वर्षं शॅडचा आकडा हजारांतच होता. २०१९ मध्ये तो ७० लाखांच्या पुढे गेला! हा लोंढा मुख्यतः मे अखेर ते जुलै एवढ्याच काळात येतो. साठ दिवस धरले तर रात्रंदिवस दर मिनिटाला ८० मासे. एकेक मासा ४५ सेंटिमीटरचा धरून शेपटीला तोंड लावत गेलं, तर ही रांग ३,१५० किलोमीटर होते. कोलंबियाची स्वतःची लांबी आहे सुमारे २,००० किलोमीटर. दीड किलोच्या हिशेबाने वजन भरतं १०,००० टनांच्या वर.

धरणाखाली या दिवसांत हौशी लोक काठावर खांद्याला खांदा लावून गळ टाकतात. नदीत चढताना शॅड फारसं खात नाही, तरी छोट्या रंगीत आमिषावर झडप घालतो. त्याचा जबडा कागदासारखा नाजूक, जोराने ओढलं की तो फाटून गळ निसटतो. म्हणून दोरा ताणून हलक्या हाताने आणावं लागतं. गाबोळीला चाहते आहेत, पण मांस काट्यांनी भरलेलं, त्यामुळे पकडलेल्यांपैकी बरेचसे मोठ्या माशांसाठी नि खेकड्यांसाठी आमिष होऊन जातात. याच नदीत पूर्वी वर्षाला १ कोटीवर सॅमन येत असा अंदाज आहे. आज सगळ्या जातींचे मिळून त्याचा लहानसा हिस्सा उरला आहे. काही वर्षी तर चढणाऱ्या माशांत दहातले नऊ शॅडच असतात. नदी माशांनी फुलली म्हणून ती बरी झाली, असं मी मुळीच मानत नाही.

कारण शॅडच्या मूळ घरी काय झालं ते पाहा. १८९० च्या दशकात अटलांटिक किनाऱ्यावर वर्षाला २०,००० टनांहून जास्त शॅड निघत होता. सस्क्वेहाना नदीत तो थेट न्यूयॉर्क राज्यापर्यंत चढे. १९२८ मध्ये मुखाजवळ कोनोविंगो धरण झालं. त्याच्या वर आणखी तीन धरणं आहेत. पुढे माशांसाठी लिफ्ट बसवल्या, पिल्लं सोडली. २००१ मध्ये १ लाख ९० हजारांवर मासे वर पोचले, पण पुढे काही वर्षी तो आकडा दहा हजारांच्याही खाली घसरला.

कोलंबियात आज कितीही शॅड पकडा, मर्यादा नाही. सस्क्वेहाना जिथे समुद्राकडे उतरते त्या मेरीलँड राज्यात १९८० पासून शॅडच्या मासेमारीवर बंदी आहे. हौसेने गळाला लावलात तरी तो पाण्यात परत सोडावा लागतो.