बॅटरीवरील इन्व्हर्टरची कार्यक्षमता : ऊर्जाऱ्हासाची स्थाने

बॅटरीतील दिष्ट विद्युतदाबाचे 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ प्रत्यावर्ती दाबात रूपांतर करणाऱ्या इन्व्हर्टरची चर्चा बहुधा तरंगाच्या आकारापुरतीच होते. तो विषय गौण नव्हे. चौकोनी तरंगातील तिसरा संनादी घटक मूळ घटकाच्या एक-तृतीयांश असतो व त्यामुळे पंखे-मोटारी तापतात. तथापि ऊर्जेचा मोठा ऱ्हास इन्व्हर्टरच्या अंतर्भागातच होतो. त्याच्या कारणांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

12 व्होल्टच्या बॅटरीवर 600 वॅटचा भार चालवायचा असून कार्यक्षमता 85 टक्के धरली, तर बॅटरीतून सुमारे 59 अँपिअर प्रवाह घ्यावा लागतो. जोडतारा, फ्यूज, मॉसफेट व सांधे यांचा एकत्रित रोध अवघा 10 मिलिओहम असला तरी त्यात सुमारे 35 वॅट उष्णतेच्या रूपाने वाया जातात. कारण हा ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तीच शक्ती 48 व्होल्टवर घेतल्यास प्रवाह चतुर्थांश होतो आणि तेवढ्याच रोधातील ऱ्हास सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून मोठ्या शक्तीसाठी प्रथम बॅटरीचा दाब वाढवावा. महागड्या मॉसफेटचा विचार त्यानंतरचा.

230 व्होल्टच्या साइन तरंगाचे शिखरमूल्य सुमारे 325 व्होल्ट असते. ते गाठण्यासाठी लोखंडी गाभ्याचे 50 हर्ट्झचे रोहित्र वापरता येते. ते जड असते, पण मोटार सुरू होतानाचा जादा प्रवाह सहज पेलते. दुसऱ्या पद्धतीत उच्च वारंवारतेच्या फेराइट रोहित्राने दाब प्रथम 360 ते 400 व्होल्ट दिष्ट केला जातो व नंतर चार स्विचांचा सेतू स्पंदरुंदी बदलून साइन तरंग घडवतो. स्विचिंगची वारंवारता 20 किलोहर्ट्झच्या आसपास ठेवल्यास गाळणी लहान होते व गुणगुण ऐकू येत नाही; मात्र प्रत्येक उघडझापीत थोडी ऊर्जा खर्ची पडते. शिवाय एका बाजूचे दोन्ही स्विच क्षणभरही एकत्र चालू राहिल्यास थेट लघुपरिपथ होतो. त्यासाठी मध्ये अल्प विरामकाळ ठेवणे अपरिहार्य ठरते.

सर्वाधिक दुर्लक्षित राहतो तो भारशून्य ऱ्हास. इन्व्हर्टर रिकामा असतानाही 20 वॅट घेत असेल, तर सौर संचावर अहोरात्र चालू राहिल्यास तो 480 वॅट-तास संपवतो. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तास बॅटरीच्या नाममात्र साठ्याचा हा चतुर्थांशाहून अधिक भाग होय. रात्री 20 वॅटचा एकच दिवा असल्यास कार्यक्षमता जेमतेम 50 टक्के उरते, मग माहितीपत्रकात 90 टक्के छापलेले का असेना! म्हणून मापन पूर्ण भाराबरोबरच 10 व 25 टक्के भारावरही करावे. काही इन्व्हर्टर भार नसताना निद्रावस्थेत जाऊन ठरावीक अंतराने त्याचा शोध घेतात. मात्र मोबाइल चार्जरसारखा अत्यल्प भार त्यांच्या ध्यानात येतोच असे नाही.