आपल्या शेतातील प्रयोगाचा हिशेब कसा ठेवावा?

विटा व खानापूर तालुक्यातील पुष्कळ मंडळी गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यानिमित्त देशभर पसरलेली आहेत. त्या धंद्यातील कोणीही कस पाहिल्यावाचून सोन्याची किंमत करीत नाही. शेतीत मात्र नवे बियाणे, नवे खत किंवा फवारणीचे नवे औषध घेताना आपण शेजाऱ्याच्या एका रानाकडे पाहून हजारो रुपये मोकळे करतो. हा भाग मुळात पर्जन्यछायेतील. टेंभू योजनेचे पाणी आल्यापासून ऊस, द्राक्ष, डाळिंब यांवरील खर्च वाढला आहे. सबब खोट्या कसाची किंमतही वाढली आहे. शेताला कस कसा लावावा हे आकडेशास्त्राच्या ग्रंथकारांनी सांगून ठेवले आहे. त्यांच्या काही सूचना वाचकांपुढे ठेवीत आहोत.

यांपैकी एक ग्रंथकार आपल्या शेजारचेच होत. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. लंडनच्या विद्यापीठात अध्ययन करून ते परत आले व भारतीय कृषि संशोधन परिषदेत पिकांच्या मोजणीचे शास्त्र त्यांनी उभे केले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा आकडेवारी विभाग त्यांच्याकडे आला. डॉ. वि. गो. पानसे यांच्यासह त्यांनी शेतकी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला आकडेशास्त्राचा इंग्रजी ग्रंथ परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला. त्यातील पद्धतीचा पाया इंग्लंडात रॉथमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी घातला होता. तिची मुख्य तत्त्वे तीन: तुलना, पुनरावृत्ती आणि चिठ्ठी.

समजा, एक एकर बाजरीत नवे खत आजमावयाचे आहे. वरच्या अर्ध्या रानात जुने खत व खालच्या अर्ध्यात नवे, असे करू नये. आपल्याकडे उताराची जमीन वर मुरमाड व खाली खोल असते. खालचे पीक चांगले आले तर ते खताने आले की मातीने, हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. त्याऐवजी रानाचे सारख्या मापाचे १२ पट्टे पाडावे व शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांची एक, अशा सहा जोड्या कराव्या. प्रत्येक जोडीत एका पट्ट्यास नवे खत व दुसऱ्यास नेहमीचे द्यावे. पेरणी, पाणी, खुरपणी सर्व सारखे ठेवावे. कोणत्या पट्ट्यास काय द्यावयाचे, ते मात्र आपण ठरवू नये. दर जोडीस निराळे नाणे उडवावे. आपला हात नकळत चांगल्या पट्ट्याकडे वळतो. नाण्यास पक्षपात ठाऊक नसतो.

इतक्या जोड्या कशाला, असे कोणी विचारील. खतात काहीच गुण नसला तरी एका जोडीत नवा पट्टा सरस ठरण्याचा संभव दोहोंत एक असतो. चारही जोड्यांत तो केवळ दैवयोगाने सरस ठरण्याचा संभव १६ त एक, व सहाही जोड्यांत ६४ त एक इतकाच राहतो. एका रानाच्या साक्षीवर विश्वास का ठेवू नये, हे यावरून स्पष्ट होईल. बांधालगतच्या व पट्ट्याच्या कडेच्या ओळी वजनात धरू नयेत, कारण तेथे ऊन, वारा व शेजारचे खत यांचा परिणाम होतो. शिवाय पावसाचे मान दरसाल बदलते. सबब हाच प्रयोग दोन-तीन हंगाम केल्यावाचून निर्णय करू नये. निर्णय करतानाही वाढलेल्या धान्याच्या किंमतीतून खताचा जादा खर्च वजा करून पाहावा.

आता टिपणाविषयी. हिशेब करण्यासाठी ‘आर’ नावाची संगणकाची भाषा विनामूल्य मिळते. न्यूझीलंडमधील रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी ती तयार केली. तिच्यावर ग्रंथ लिहिणारे हॅडली विकहॅम यांनी २०१४ साली एक साधा नियम मांडला: प्रत्येक रकान्यात एकच गुण व प्रत्येक ओळीत एकच नोंद. म्हणजे वर्ष, जोडी, पट्टा, खत, पेरणीची तारीख, वजन यांचे रकाने निराळे, आणि दर पट्ट्यास एक ओळ. ‘१८ किलो, पण ओले’ असे एका रकान्यात लिहू नये. ओलाव्याचा रकाना वेगळा करावा. कार्ल ब्रोमन व कारा वू यांनी २०१८ साली आणखी सूचना दिल्या: तारीख सर्वत्र एकाच रीतीने लिहावी, रकाना रिकामा सोडू नये, मूळ नोंदीत बेरीज-वजाबाकी करू नये व तिची दुसरी प्रत जपून ठेवावी. पट्टा पाखरांनी खाल्ला म्हणून वजन झाले नसेल तर तेथे शून्य न लिहिता ‘मोजले नाही’ असे लिहावे. शून्य व अज्ञात यांत मोठे अंतर आहे. ज्यांच्याजवळ संगणक नाही, त्यांच्या वहीसही हेच नियम लागू आहेत.

या शास्त्राचा संबंध आपल्या पीकविम्याशीही येतो. महसूल मंडळाचे सरासरी उत्पन्न पीककापणी प्रयोगांवरून ठरते. फार लहान तुकडा कापला तर सीमारेषेवरची ताटे आत ओढली जाऊन उत्पन्न फुगते, हे डॉ. सुखात्मे यांनी १९४६ सालीच दाखवून दिले होते. ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकड्याचे वजन हेक्टरी काढण्यास ४०० ने गुणावे लागते. म्हणजे तुकड्यात एक किलो जास्त आले की कागदावर हेक्टरी चार क्विंटल वाढतात, आणि भरपाई तितकी हातची जाते. म्हणून कापणीच्या वेळी शेतकऱ्यांनी स्वतः हजर राहावे. तुकड्याची जागा नियमाप्रमाणे चिठ्ठीच्या आकड्याने ठरली की डोळ्यांस बरी दिसली म्हणून घेतली, दोरी ताणून बसविली आहे की सैल, ज्यांचे बूड आत आहे तीच ताटे कापली जातात की नाही, हे पाहावे. व वजन आपल्या वहीत त्याच क्षणी टिपून घ्यावे.

येत्या हंगामात प्रत्येक वाचकाने निदान एका नव्या वस्तूची अशी परीक्षा करावी. गावातील पाच-सहा जणांनी एकच प्रयोग एकाच रीतीने केला व वह्या एकत्र आणल्या, तर एकट्याच्या अनुभवास सर्वांच्या पुराव्याचे बळ येईल. मग दुकानदाराने कितीही स्तुती केली तरी आपला पैसा आपल्याच हिशेबावर खर्च होईल.