स्क्रीनवर पृथ्वी फिरतेय, पण लॅपटॉप लॉक आहे का?

फोन खाली ठेवला की थोड्या वेळात तो स्वतःच लॉक होतो. लॅपटॉपवर स्क्रीनसेव्हर दिसला की तोही लॉक झाला असं आपल्याला वाटतं. तसं नसतं! आमच्या पाचगणीत बोर्डिंग शाळा भरपूर, एका खोलीत बरेचजण राहतात. तिथे हा फरक माहीत हवाच.

लिनक्सवर 'एक्सस्क्रीनसेव्हर' हे मोफत सॉफ्टवेअर मिळतं. जेमी झाविन्स्की यांनी ते १९९२ मध्ये आणलं. त्यातला 'जीएलप्लॅनेट' मला सगळ्यात आवडतो: ताऱ्यांमध्ये फिरणारी पृथ्वी, एका बाजूला दिवस, दुसऱ्या बाजूला रात्र. तो टर्मिनलमधून कसा सेट करायचा ते बघू. कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्यात. टाइप करताना इंग्रजी छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.

१. इन्स्टॉल करा. उबुंटू किंवा मिंटवर:
सुडो ॲप्ट इन्स्टॉल एक्सस्क्रीनसेव्हर एक्सस्क्रीनसेव्हर-जीएल

लॉगिन एक्सऑर्ग सेशनमध्ये करा आणि डेस्कटॉपचा स्वतःचा स्क्रीनसेव्हर बंद ठेवा, नाहीतर दोघांची टक्कर होते.

२. आधी खिडकीत चालवून बघा.
/यूएसआर/लिबएक्झेक/एक्सस्क्रीनसेव्हर/जीएलप्लॅनेट
(जुन्या आवृत्तीत 'लिबएक्झेक'च्या जागी 'लिब'.)

आता याच ओळीपुढे एकेक पर्याय जोडा:
• -नो-वॉन्डर : पृथ्वी इकडेतिकडे भटकत नाही.
• -नो-स्टार्स : तारे गायब.
• -इमेज आणि फाईलचं नाव : पृथ्वीऐवजी मंगळाचा नकाशाही गुंडाळता येतो. चित्राची रुंदी उंचीच्या दुप्पट असावी.
• -डिले ५०००० : दोन फ्रेममध्ये इतके मायक्रोसेकंद थांबा. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २० फ्रेम. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी हेच ठेवतो, बॅटरीवर ताण कमी येतो.

३. कायमचं करा. 'एक्सस्क्रीनसेव्हर-सेटिंग्ज' एकदा उघडून काहीतरी बदला. होम फोल्डरमध्ये '.एक्सस्क्रीनसेव्हर' ही फाईल तयार होते. नावात सुरुवातीला टिंब आहे, म्हणून ती लपलेली असते. 'एलएस -ए' दिलं की दिसते. ती नॅनोमध्ये उघडा, जीएलप्लॅनेटची ओळ शोधा आणि त्यातल्या '-रूट'नंतर तुमचे पर्याय लिहा.

४. आता खरं काम. त्याच फाईलमध्ये 'लॉक' अशी ओळ आहे. तिथे मुळात 'फॉल्स' असतं! म्हणजे पृथ्वी कितीही छान फिरू दे, कुणीही एक बटण दाबलं की तुमचे फोटो, मेल, सगळं उघडं. ते 'ट्रू' करा. 'टाइमआउट'मध्ये ०:०५:०० लिहिलं, तर पाच मिनिटांनी स्क्रीनसेव्हर सुरू होईल.

५. तपासा. 'एक्सस्क्रीनसेव्हर' चालू ठेवून दुसऱ्या टर्मिनलमध्ये लिहा:
एक्सस्क्रीनसेव्हर-कमांड -लॉक

बटण दाबल्यावर पासवर्ड विचारला, की काम झालं. जेवायला जाताना घाईत असाल तर हीच कमांड द्या, पाच मिनिटं थांबायची गरज नाही.