शॉकअपची रिंग आणि गाडीची उंची

सिल्वासात मोटरसायकलचा मागचा शॉकअप बदलायला गेलेल्या माणसाला गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "रिंग शेवटच्या खाचेवर नेतो, शॉकअप एकदम कडक होईल." पिपरियाच्या कारखान्यात पाळीला जाणारा कामगार असो की खानवेलहून रोज शहरात येणारा दुकानदार, सल्ला तोच. नवा शॉकअप घातल्यावर गाडी मागून बसल्यासारखी वाटली तर रिंग, खड्ड्यात दणका बसला तरी रिंग, मागे दोघं बसवायचे असले तरी रिंग. तलासरी, जव्हार, नाशिक, पुणे, कुठेही जा, हाच उपाय. आणि तो ज्या समजुतीवर उभा आहे ती साफ चुकीची आहे.

रिंग फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा ठरतो तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर. पाना घेऊन रिंग कितीही फिरवली तरी या तिन्हींपैकी काहीच बदलत नाही. स्प्रिंगच्या टोकाशी असलेली ही रिंग फक्त तिला आधीपासून थोडी दाबून ठेवते.

एक साधं गणित करून पाहू. समजा एका बाजूची स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला २ किलो भार लागतो. गाडी आणि स्वार मिळून त्या बाजूवर ६० किलो पडले, तर स्प्रिंग ३० मिमी दबेल. आता रिंग फिरवून स्प्रिंग आधीच १० मिमी दाबून ठेवली. भार तोच, ६० किलो. स्प्रिंग आताही एकूण ३० मिमीच दबलेली राहणार. फरक एवढाच, की त्यातले १० मिमी रिंगने दाबले आणि २० मिमी भाराने. म्हणजे शॉकअप ३० ऐवजी २० मिमी खाली बसला आणि गाडी मागून १० मिमी वर आली. पुढे खड्ड्यात आणखी २० किलोचा धक्का आला, तर दोन्ही वेळा स्प्रिंग आणखी १० मिमीच दबेल. कडकपणा होता तेवढाच आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी दाखला हवाच असेल, तर पॉल थीड आणि ली पार्क्स यांचं मोटरसायकल सस्पेन्शनवरचं पुस्तक पाहावं. प्रीलोड, म्हणजे रिंगने आधीच दिलेला दाब, आणि स्प्रिंगचा कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात स्पष्ट मांडलेलं आहे.

मग रिंग आवळल्यावर गाडी कडक का लागते? कारण चाकाचा खाली जायचा वाव संपत येतो. एकट्या गाडीचा भार एका बाजूला २५ किलो आहे आणि स्प्रिंग १५ मिमी आधीच दाबली आहे असं धरा. आता शॉकअप हलायला लागण्यासाठीच ३० किलो लागणार. रिकामी गाडी शॉकअप पूर्ण ताणलेल्या अवस्थेत उभी राहते. चालताना चाक खड्ड्यात उतरू पाहतं, पण त्याला खाली यायला पुरेशी जागा नसते. चाक जमीन सोडतं आणि मागचा भाग उडतो. स्वाराच्या कमरेला जो दणका बसतो त्याला तो 'कडक शॉकअप' म्हणतो. प्रत्यक्षात सस्पेन्शनच्या प्रवासाचा एक भाग त्याने स्वतःच्या हाताने बंद करून टाकलेला असतो.

कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत रिंगचा उपयोग सरळ दिलेला असतो: स्वार एकटा असेल तर खालचे टप्पे, मागे माणूस किंवा सामान असेल तर वरचे. स्प्लेंडर प्लसला पाच टप्पे दिले आहेत ते यासाठीच. भार बदलला तरी गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर राहावी, एवढंच रिंगचं काम.

खरा घोळ इथून पुढे सुरू होतो. शॉकअप बदलताना दुकानात एकच गोष्ट पाहिली जाते: बोल्ट बसतो ना? बसला की माप बरोबर, असं धरून चालतात. पण गाडीची मागची उंची मुळात ठरते शॉकअपच्या लांबीवर, म्हणजे वरच्या आणि खालच्या बोल्टच्या छिद्रांच्या मध्यापासून मध्यापर्यंतच्या अंतरावर. बुश त्याच मापाचा असूनही ही लांबी १० किंवा २० मिमीने वेगळी असू शकते. आखूड शॉकअप घालून रिंगने उंची भरून काढली, की उंची जुळलेली दिसते आणि प्रवास बिघडलेला राहतो. काही महागड्या शॉकअपना खालच्या छिद्राशी आटे देऊन लांबी बदलण्याची सोय असते आणि रिंग त्याहून वेगळी असते. बनवणाऱ्यांनी दोन सोयी वेगळ्या दिल्या, कारण कामं दोन आहेत.

दोन शॉकअपच्या गाडीत खालचा बोल्ट चाकाच्या आसाजवळ असतो, त्यामुळे शॉकअप जितका लांब, जवळपास तितकीच गाडी वर. मोनोशॉकमध्ये, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्या गाडीत, हा हिशेब चालत नाही. तिथे शॉकअप चिमट्याच्या (स्विंगआर्मच्या) सांध्याजवळ बसलेला असतो आणि शॉकअप १ मिमी हलला तर चाक साधारण २ ते ३ मिमी हलतं. १० मिमी लांब मोनोशॉक म्हणजे मागून २० ते ३० मिमी उंच गाडी. "सेंटीमीटरभराने काय होतंय?" हा प्रश्न म्हणूनच धोक्याचा आहे.

काय होतं ते पाहा. स्प्लेंडर प्लसचा व्हीलबेस १२३६ मिमी आहे. मागची बाजू २५ मिमी वर उचलली तर अख्खी गाडी पुढे सुमारे १.२ अंशांनी कलते. पुढचा फोर्क तेवढाच उभा होतो आणि ट्रेल, म्हणजे हँडलला सरळ ठेवणारं अंतर, ६-७ मिमीने घटतं. गाडी वळायला हलकी होते आणि सरळ रस्त्यावर चंचल. हेडलाइटचा झोत १० मीटरवर २० सेंटीमीटर खाली येतो. खानवेलहून दुधनीकडे चढणाऱ्या वळणांच्या रस्त्यावर पावसाळ्याच्या रात्री हे वीस सेंटीमीटर फार मोलाचे असतात.

चेनचं तर कुणी लक्षातच घेत नाही. इंजिनचं स्प्रॉकेट, चिमट्याचा सांधा आणि मागचा आस एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. लांब शॉकअपमुळे चिमटा जास्त खाली झुकतो आणि उभ्या गाडीची चेन ढिली दिसते. मेकॅनिक ती पुस्तिकेतल्या मापाला ताणून देतो. मग दोघं बसून गाडी खड्ड्यात दबली की चेन तारेसारखी ताठ होते आणि तो ताण थेट इंजिनच्या बेअरिंगवर जातो. शॉकअपच्या लांबीत बदल झाला असेल, तर हे तीन बिंदू एका रेषेत येतील एवढी गाडी दाबून चेनचा ढिलेपणा तपासायला हवा. ड्रम ब्रेकच्या गाडीत पेडलचा फ्री प्लेही पुन्हा पाहावा लागतो.

शॉकअपची लांबी वाढवायला बाजारात मिळणाऱ्या एक्स्टेंडरच्या पट्ट्या हा याच रोगाचा स्वस्त आणि जास्त वाईट प्रकार. त्या खालच्या बोल्टवर असा मोड आणतात, ज्यासाठी तो बोल्ट बनवलेलाच नाही. शिवाय त्यांनी ग्राउंड क्लिअरन्स दिसतो तेवढा वाढत नाही. इंजिनचं पोट दोन चाकांच्या साधारण मध्ये असतं, म्हणून मागून २५ मिमी उचललं तर पोटाखाली जेमतेम निम्मं मिळतं. सेंटर स्टँडवर लावली की मागचं चाक जमिनीला टेकतं आणि साइड स्टँडवर गाडी जास्त कलते. कंपनी स्वतः उंची वाढवते तेव्हा ती काय करते ते हिरोच्या एक्सपल्स २०० मध्ये दिसतं. साध्या एक्सपल्स २०० ला पुढे १९० आणि मागे १७० मिमी प्रवास आहे. तिच्या 'प्रो' आवृत्तीत तो पुढे २५० आणि मागे २२० केला. दोन्ही बाजू सोबत उचलल्या. नुसती शेपटी वर केली नाही.

बाकीच्या समजुती थोडक्यात. तेल गळणारा शॉकअप रिंग आवळून सुधारत नाही. उसळी रोखायचं काम तेलाचं, आणि तेल गेलं की शॉकअप गेला. डाव्या बाजूला चेन आहे म्हणून तिकडे एक खाच जास्त ठेवायची, ही निव्वळ भाकड गोष्ट. दोन बाजूंना वेगळे टप्पे ठेवले तर चिमट्याला पीळ बसतो. गॅसची डबी म्हणजे जास्त वजन पेलणारा शॉकअप, हेही नाही. नायट्रोजनचा दाब तेलाला फेस येऊ देत नाही, आणि काही स्वस्त शॉकअपवरची डबी तर नुसती शोभेची असते. मागून उंच गाडी जास्त पळते असं सांगणाऱ्याकडून पाना काढून घ्यावा.

नवा शॉकअप बरोबर बसला की नाही, हे टेपने दहा मिनिटांत कळतं. गाडी सेंटर स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. आसाच्या नटापासून सरळ वर मडगार्डच्या एखाद्या बोल्टपर्यंत अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवा, शेपटी एकदा दाबून सावकाश सोडा आणि तेच अंतर पुन्हा मोजा. तिसऱ्यांदा स्वार हेल्मेटसह बसलेला, दोन्ही पाय फूटरेस्टवर, पुढून कुणीतरी हँडल धरलेलं. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक चाकाच्या एकूण प्रवासाच्या पाव ते एक तृतीयांश असावा. प्रवास ९० मिमी असेल तर साधारण २२ ते ३०. तो जुळला, पण रिकामी गाडी जराही बसत नसेल, तर स्प्रिंग त्या भारासाठी मऊ आहे आणि रिंग ते झाकते आहे. तिथे स्प्रिंग बदलावी लागते, खाच नाही.

आणि जुना शॉकअप भंगारात जाण्याआधी, तो गाडीवरून काढून पूर्ण ताणलेला असताना, त्याच्या दोन छिद्रांमधलं अंतर मोजून आरसीच्या पाकिटात लिहून ठेवा. नवा घेताना दुकानात गाडीच्या नावासोबत हे मापही सांगा आणि पैसे देण्याआधी टेप लावून पाहा.